लिटरला लाख रुपयांची शाई

आमच्या आत्याच्या डोंबिवलीच्या घरी एखाद्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला गेलात, तर घरात कुणीतरी आजारी आहे असं वाटेल. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरलेला. वाटीत कोमट पाणी, शेजारी कापूस आणि टिश्यू पेपर. आत्याच्या हातात रबरी मोजे, नाकावर घसरलेला चष्मा आणि बोटांत सिरिंज. पेशंटच्या जागी मात्र काड्यापेटीहून थोडं मोठं काळं डबडं असतं, प्रिंटरचं कार्ट्रिज.

आत्या एका सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं लॅब टेक्निशियन होती. माझा धाकटा भाऊ बाबू ठाण्यात नौपाड्याला झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि प्रिंटर दुरुस्त करतो. मी कल्याणला राहते. त्यामुळे आम्ही तिघं भेटतो ते मधल्या स्टेशनावर, आत्याकडे. घरी शाई भरावी की भरू नये, यावर या दोघांचं गेली कित्येक वर्षं पटलेलं नाही. त्यांची परवाची खडाजंगी मी बटाटे सोलता सोलता ऐकली. जवळजवळ जशीच्या तशी देते.

बाबू : आत्या, हे पुन्हा काढलंस? किती वेळा सांगितलं, घरी भरू नकोस म्हणून. आठवड्याला दोन-तीन तरी असले प्रिंटर येतात दुकानात. झाकण उघडलं की आत सगळी रंगपंचमी.

आत्या : ज्यांना भरता येत नाही तेच तुझ्याकडे येणार ना. ज्यांना येतं ते तुझं दुकान कशाला शोधत बसतील? डॉक्टरला सगळं गाव आजारीच दिसतं.

बाबू : बरं. पण वाचतात किती, ते तरी सांग.

आत्या : लिही. या डबड्यात शाई किती? आठ मिली. पोह्याच्या चमच्याने दीड चमचा. नवीन घ्यायला गेलं तर दुकानदार आठशे मागतो. म्हणजे मिलीला शंभर रुपये. लिटरचे किती झाले?

बाबू : लाख.

आत्या : लाख! पेट्रोल शंभरावर गेलं तेव्हा तूच इथे बसून सरकारला शिव्या घालत होतास. या शाईबद्दल कधी बोललास?

बाबू : कारण तू नुसती शाई विकत घेतच नाहीस. ते कार्ट्रिज म्हणजे बाटली नव्हे, मशीन आहे.

इथे आत्याने सिरिंज खाली ठेवली. बाबूने पाया पडण्याइतका मान तिला अनेकदा दिला असेल, पण तिला गप्प करणारं वाक्य क्वचितच दिलंय.

बाबूचं म्हणणं खोटं नाही. एचपीच्या आणि कॅननच्या घरगुती स्वस्त प्रिंटरांत कागदावर शाई उडवणारं हेड कार्ट्रिजच्याच बुडाला चिकटवलेलं असतं. केसाहून बारीक भोकांच्या रांगा, आणि प्रत्येक भोकामागे एक इवलासा हीटर. हीटर क्षणभर तीनशे अंशांच्या आसपास तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो आणि पुढचा थेंब कागदावर फेकला जातो. पापणी लवायच्या आत असे हजारो थेंब पडून जातात. एप्सनची तऱ्हा वेगळी. तिथे उष्णता नसते, विजेने आकार बदलणारा स्फटिक थेंब ढकलतो, आणि हेड प्रिंटरमध्येच पक्कं बसवलेलं असतं.

बाबू : आणि या हीटरना थंड ठेवतं कोण? शाईच. शाई संपली आणि तू तरी छापत राहिलीस, की हीटर कोरडे तापतात. जळतात. मग वरून गंगाजळ ओतलंस तरी पान पांढरंच येणार.

आत्या : म्हणून तर मी संपू देत नाही. पान जरा फिकं यायला लागलं की थांबते. दुधाचं पातेलं करपल्यावर गॅस बंद करणाऱ्यातली मी नव्हे.

बाबू : तू नसशील. बाकीचे आहेत.

आत्या : मग बाकीच्यांना शिकव. दुकानाबाहेर पाटी लाव, ‘फिकं झालं की भरा, संपल्यावर नको’. पण नाही, तुमची पाटी काय? ‘नवीन प्रिंटरवर एक्स्चेंज ऑफर’.

मग ती बाबूलाच समोर बसवून भरायला लागली. बत्तीस वर्षं रक्ताचे नमुने हाताळलेल्या बाईचा हात बघण्यासारखा असतो, म्हणून इथे जरा थांबते.

आधी कार्ट्रिजच्या डोक्यावरचं लेबल नखाने हळूच उचलायचं. खाली भोकं दिसतात. काळ्याच्या आत एकच कप्पा. रंगीताच्या आत तीन, निळा, गुलाबी आणि पिवळा. कुठल्या भोकाखाली कुठला रंग हे प्रत्येक मॉडेलला वेगळं, त्यामुळे आठवणीवर विसंबायचं नाही. आत्या प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक बुडवून टोकाचा रंग बघते. आत पोकळ टाकी नसते, स्पंज असतो. त्या स्पंजने शाई धरून ठेवलेली असते म्हणूनच ती खालच्या भोकांतून आपोआप गळत नाही. सुई स्पंजात अर्ध्यापर्यंत घालायची आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबायचा. शाई स्पंजाने प्यायला हवी. घाई केली तर मध्ये हवेचा फुगा अडकतो, आणि कार्ट्रिज भरलेलं असूनही पानावर पांढऱ्या रेघा येतात. भोकाच्या तोंडाशी शाई चमकली की थांबायचं, आणि अर्धा मिली उलट ओढून घ्यायचा.

बाबू : हे शेवटचं कुणीच करत नाही. पार तोंडापर्यंत भरतात. स्पंजाला पेललं नाही की गळतं, आणि एका रंगात दुसरा घुसतो. पिवळा हिरवा झालेला मी किती वेळा बघितलाय.

आत्या : लोभ. पाणीपुरीवाल्याकडेसुद्धा तसंच करतात.

वरचं लेबल पुन्हा चिकटवताना हवेची बारीक वाट मोकळी ठेवायची. सेलोटेपने सगळं गच्च बंद केलं तर आत हवा शिरत नाही आणि शाई खाली उतरत नाही. मग कार्ट्रिजचं बूड ओल्या टिश्यूवर अलगद टेकवायचं. रंगीताचे तीन पट्टे स्वच्छ वेगवेगळे उमटले तर काम झालं. कार्ट्रिजला प्रिंटरशी जोडणारे तांब्याचे टिपके ओलसर कापडाने पुसायचे, नळाच्या पाण्याने नाही, डिस्टिल्ड वॉटरने. क्षार बसले तर प्रिंटर कार्ट्रिज ओळखतच नाही. आणि शाई त्याच जातीची हवी. पुष्कळ काळ्या कार्ट्रिजांत पिगमेंटची शाई असते, म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे कण, आणि रंगीतांत बहुधा विरघळलेला डाय. एकात दुसरी ओतली तर आत गाठी होऊन भोकं चोक होऊ शकतात.

बाबू : सिरिंज तरी दर वेळी नवी घेतेस की तीच?

आत्या : रंगाला एक, अशा चार. धुऊन ठेवते. नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या, स्टरिलायझरमध्ये उकळून वापरायच्या. टाकून द्यायची सिरिंज नंतर आली.

बाबू : आणि बरं झालं आली. त्या उकळलेल्या सुयांतून काय काय पसरलं ते तूच सांगायचीस. वापरून फेकण्याला शिव्या घालतेस, पण फेकण्यामागे कधीकधी अक्कल असते.

आत्या : ते माणसासाठी, बाबू. कार्ट्रिजला कावीळ होत नाही.

मला यात बाबूचा मुद्दा जरा वाया गेल्यासारखा वाटला, कारण तो बरोबर होता. फेकण्याची प्रत्येक सवय कंपनीने लावलेली नसते. पण आत्याचं उत्तरही बिनतोड होतं. कशाला फेकायचं याचं कारण वस्तूगणिक बदलतं आणि ते दर वेळी विचारायला हवं. सिरिंजचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. जी बुडबुड्याची युक्ती वर सांगितली, ती कॅननच्या प्रयोगशाळेत सापडली तीही एका सिरिंजमुळे. 1977 साली इचिरो एन्डो नावाच्या इंजिनिअरच्या शाईभरल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून लागली, आणि टोकातून शाईची चिळकांडी उडाली. हे सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘बघ, जन्मच सुईतून झालाय, तर मग दूध पाजायला सुई का नको?’’

बाबू : कंपनीला नको म्हणून. वॉरंटी बघ. भरलेल्या शाईने बिघडलं तर ते जबाबदार नाहीत. आणि आता चिप असते. संपलं म्हणून तिने एकदा लिहून टाकलं, की तू भर नाहीतर न भर, स्क्रीनवर ‘रिकामं’च दिसतं.

आत्या : दिसू दे. ओके दाबते आणि छापते. शेजारच्यांचा कॅनन आहे, त्याचं लाल स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की गप्प बसतो. तूच दाखवलं होतंस.

बाबू : (माझ्याकडे बघत) हिला काही दाखवायची सोय नाही.

आत्या : आणि चिपचं एवढं कौतुक सांगतोस, तर तिने काय केलं तेही सांग ताईला.

बाबूने सांगितलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जगभरातल्या हजारो लोकांच्या घरातले एचपीचे काही प्रिंटर एका सकाळी दुसऱ्यांची कार्ट्रिज नाकारायला लागले. कालपर्यंत तीच चालत होती. प्रिंटरमधल्या सॉफ्टवेअरलाच तसं शिकवून ठेवलेलं होतं. लोक भडकले, कंपनीला मागे सरून पर्याय द्यावा लागला, आणि पुढे 2020 मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने तिला एक कोटी युरोंचा दंड केला. त्याच्या आधी, 2017 साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात सांगून टाकलं होतं की एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. घेणाऱ्याने ती पुन्हा भरावी, विकावी.

बाबू : पण तुझ्या बाजूने एक सांगतो. एचपीचं ते कुलूप परक्या चिपसाठी आहे. त्यांचंच कार्ट्रिज, त्यांचीच चिप ठेवून भरलेलं असेल तर ते चालू देतात.

आत्या : म्हणजे मी कायद्यात बसते आणि कुलपातही बसते. मग तुझी तक्रार काय?

यावर बाबूने उत्तर दिलं नाही. चहा घेतला.

चहाबरोबर आत्याला तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या आजोबांची दौत आठवली. ते शाईच्या पुड्या आणून घरी पाण्यात कालवायचे. कॅमलिनच्या दांडेकर बंधूंनी 1931 साली गिरगावात धंदा मांडला तो घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या विकूनच. उंट नंतर आला. आत्याचा मुद्दा असा, की त्या काळी कंपनी रंग विकायची, पाणी तुमचं, दौत तुमची. दौत कुणाची आहे हे दांडेकरांनी कधी विचारलं नाही. मला एक वेगळीच गंमत वाटते. मराठीत आपण ‘रिफिल’ म्हणतो ते भरण्याला नव्हे, बॉलपेनच्या आतल्या कांडीला. आणि संपली की सगळ्यात आधी फेकतो ती रिफिलच. 

बाबू : ठीक आहे, भर. पण मला सांग, ही कसरत हवी कशाला? टँकचा प्रिंटर घे ना. समोर चार बाटल्या, बूच उघडायचं, ओतायचं. सुई नको, मोजे नकोत.

आत्या : आणि तो कुणाच्या डोक्यातून निघाला? तूच सांगितलं होतंस, टँकचे प्रिंटर यायच्या आधीच तू दुकानात प्रिंटरच्या कुशीला भोक पाडून नळ्या घालायचास, बाहेर बाटल्या टांगायचास. सलाइन लावल्यासारखं दिसायचं.

तेही खरं आहे. या भागातली कितीतरी लहान दुकानं अशी सलाइन लावून चालली. इंडोनेशियात तर हा उद्योग घरोघरी पोहोचला होता. नळ्या लावलेल्या आपल्याच प्रिंटरांशी एप्सनला झगडायचं होतं. शेवटी 2010 मध्ये कंपनीने स्वतःच टाकी लावलेला प्रिंटर काढला, तो सगळ्यात आधी इंडोनेशियातच, आणि थोड्याच काळात भारतात आणला. पुढे कॅनन आणि एचपी त्याच वाटेने आले. प्रिंटर महाग, शाई स्वस्त, हिशेब उलटा झाला. ज्यांना वॉरंटीची भीती घातली जात होती, त्यांचंच म्हणणं खोक्यात घालून त्यांना परत विकलं गेलं.

बाबू : म्हणजे तू जिंकलीस. मग बक्षीस घे ना, टँक घे.

आत्या : महिन्याला माझी पानं किती? तीस-चाळीस. सोसायटीची नोटीस, भिशीची यादी, आणि पलीकडच्या विंगमधल्या काकूंना दिसत नाही म्हणून मोठ्या टायपात हरिपाठाची चार पानं. त्यासाठी बारा-पंधरा हजारांचा प्रिंटर? तो वसूल व्हायला मला शंभरी गाठावी लागेल.

बाबू : चाळीस पानांना प्रिंटरच कशाला हवा? दुकानात काढून आण, तीन रुपये पान.

आत्या : आणि काकूंना गुरुवारी पान हवं असलं की मी रिक्षा करू?

इथे मी तोंड उघडलं. कल्याणला आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराच्या धुरात वर्षं काढलेल्या बाईला कचऱ्याबद्दल बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. म्हटलं, भरण्यात एक कार्ट्रिज सहा-सात वेळा वापरलं जातं, म्हणजे पाच-सहा डबडी कमी. आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरच्या ओळीत कार्ट्रिजचं नाव मुद्दाम लिहिलेलं आहे. ओल्या-सुक्या कचऱ्यात ते टाकायचंच नसतं. बाबूने लगेच सिंककडे बोट दाखवलं.

बाबू : आणि हिने सिरिंजा धुतल्या त्या कुठे? मोरीत. डोंबिवलीतच बसून! 2020 च्या फेब्रुवारीत इथल्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, आठवतं? सगळ्या पेपरांत फोटो. तो रंगाच्या कारखान्यांचा प्रताप होता. तू त्यांना नावं ठेवायचीस.

आत्या थोडी ओशाळली. तिची दोन मिली आणि कारखान्यांचं सांडलेलं रसायन यांची बरोबरी होत नाही, हे बाबूलाही कळतं. तरी तिने उठून वाटीतलं निळं पाणी बेसिनऐवजी जुन्या पेपरांच्या बोळ्यात शोषून घेतलं. वाद घालणाऱ्या माणसाने पुरावा समोर असताना हात हलवावा, याला माझ्या लेखी किंमत आहे.

मग विषय निघाला रंगीत कार्ट्रिजचा. ते गेलं होतं. आत्याच्या मते ‘जात्याच खराब’ होतं. बाबूने ते उजेडात धरलं, बुडाला वाळलेली शाई दाखवली.

बाबू : मार्चपासून मे महिना संपेपर्यंत कुठे होतीस?

आत्या : पुण्याला. सुनेचं बाळंतपण.

बाबू : जाताना प्रिंटर बंद कसा केलास?

आत्या : मेन स्विचच बंद केला घराचा. नेहमी करते.

बाबू : छापून झाल्यावर? रोज?

आत्या : भिंतीवरचं बटण. उगाच वीज कशाला जाळायची?

बाबूने डोक्याला हात लावला. आणि हा सगळ्या वादातला एकच मुद्दा, ज्यावर दोघांचं एकमत झालं. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड सरकत एका कोपऱ्यात जातं आणि खालून रबरी टोपी येऊन त्याचं तोंड झाकते. भिंतीवरच्या बटणाने वीज तोडली आणि हेड तेव्हा जागेवर नसलं, तर तोंड उघडंच राहतं. बारीक भोकांतली शाई मग वाळते, डोंबिवलीच्या मे महिन्यात तर लवकरच. भारनियमनाच्या दिवसांत कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांतली हेड अशीच चोक झाली असतील, असा बाबूचा अंदाज. लोक मात्र खापर शाईवर फोडत राहिले. बाबूच्या अनुभवात घरचं कार्ट्रिज सुईने मरतं त्याहून जास्त वेळा पडून राहून मरतं. आत्याचं काळं आजवर टिकलं याचं श्रेय तिच्या हाताला आहेच, पण त्याहून मोठा वाटा काकूंच्या हरिपाठाचा आहे. दर आठवड्याला चार पानं छापली जातात, म्हणून भोकं ओली राहतात. परगावी जाताना रंगीताचा विचार तिने केला नाही, आणि ते गेलं.

कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर त्यांनी ते दहा मिनिटं उभं करून ठेवलं. निळा आणि पिवळा पट्टा उमटला. गुलाबी नाही. पुन्हा ठेवलं. गुलाबी नाहीच. बाबूने ते पिशवीत घातलं, दुकानातल्या ई-कचऱ्याच्या खोक्यासाठी. आत्याने तेवढ्यात काळ्यावर एक पान काढून बघितलं, दाट आणि स्वच्छ. ते सातव्यांदा भरलेलं आहे.

बाबू निघताना म्हणाला, शाळेचा दाखला, कोर्टाचे, बँकेचे कागद मात्र इंकजेटवर काढू नकोस, पावसात भिजले की अक्षर फुटू शकतं. त्यासाठी माझं लेझर आहे. आत्या म्हणाली, त्यासाठी तू आहेसच.

तुमच्या घरात इंकजेट असेल तर शाई बाहेरची भरा की कंपनीची, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आज रात्री आधी प्रिंटरचं बटण दाबा, दिवा विझेपर्यंत थांबा, आणि मगच भिंतीवरचं.